अर्थाचा रकाना

बाबा,

परवा तुमच्या नातीचा पुण्याहून फोन आला. तिला सातवा महिना लागला आहे, आणि हल्लीच्या मुली करतात तसं तिनं आत्तापासून नावांची यादी करायला घेतली आहे. तुमच्या काळी बारशाच्या आदल्या दिवशी कोणी तरी नाव सुचवायचं आणि ते जन्मभर चिकटायचं. आता फोनवर सगळं आयतं मिळतं: नाव कुठलं, अर्थ काय, कधीपासून चालत आलं, सध्या लोक ते ठेवतात की नाही. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. लखनऊत वाढलेलं पोर, तिला काय बोल लावायचा! "मम्मी, सुनो ना," ती म्हणाली, "आपका वो पुराना वाला नाम, जो आपने फेंक दिया था, वो वापस फ़ैशन में आ गया है. सिसिलिया. बाहर तो लोग ख़ूब रख रहे हैं." मग तिनं मला वाचून दाखवलं. लॅटिन. रोमन लोकांचं. अर्थ: आंधळी. "मीनिंग छोड़ो, सुनने में कितना अच्छा है. आपने बदला क्यों था?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. गॅस पेटलेलाही नव्हता.

तिला उत्तर द्यायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. त्यामुळे थोडं स्पष्ट लिहिलं तर चालावं.

नावाची जी हकिगत मला लहानपणापासून ठाऊक होती, ती अशी. लखनऊत माणूस नाव विचारतो ते फार गोड विचारतो. "शुभ नाम?" आपण सांगितलं की जरा थांबतो, आणि मग आणखी गोडीनं, "आगे?" त्या 'आगे'मध्ये सगळं येतं. आगे काय लावता, म्हणजे कोणाच्यात मोडता. तुम्ही अमरावतीकडचं गाव, आडनाव आणि देव असं तिन्ही मागं ठेवून इथं आलात, छावणीतल्या एका लष्करी कचेरीत सिव्हिलियन क्लार्क म्हणून. आणि दिवसभर तुमचं काम काय, तर नावं टाइप करणं. जवानांच्या नामावल्या: नाव, बापाचं नाव, गाव, धर्म, जात. नाव वाचलं की पुढचे रकाने न बघता भरता येतात, असं तुम्ही आईला सांगायचात. म्हणून मुलीला असं नाव दिलंत की ज्याच्यावरून पुढचा एकही रकाना कोणाला भरता येऊ नये. आडनावाच्या जागी तुमच्या नावाचं पहिलं अक्षर, बस्स. हे कारण तुम्ही घरमालकाला सांगितलंत, नागपूरहून येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलंत, मला सांगितलंत. ते इतकं चोख होतं की त्याच्यामागे आणखी काही असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही.

नाव सापडलं कुठं, हेही तुम्ही कधी लपवलं नाही. छावणीत गोऱ्यांचं जुनं कबरस्तान होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तुम्ही दुपारचा डबा घेऊन तिथं जाऊन बसायचात. "सावली चांगली हाय तिथं," असं आईला सांगायचात. कचेरीतही सावली होती, पंखाही होता, आणि डबे एकत्र उघडायचे असं एक मोठं टेबलही होतं. त्या टेबलाशी तुम्ही का बसत नव्हता हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं, तेही तुमच्याकडून नाही. तर तिथं दगडावर कोरलेलं नाव तुम्ही वाचलंत आणि घरी आणलंत. शेजारच्या काकूंना आईनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला होता. मेलेल्या बाईचं नाव जिवंत पोरीला! तुम्ही हसून म्हणालात, "सगळीच नावं मेलेल्यांची असतात."

माझ्याआधी दोघी झाल्या होत्या. एक नऊ महिन्यांची होऊन गेली, दुसरी दीड वर्षाची. दुसरीला ताप चढला तेव्हा याच काकूंनी दर्ग्यातून तावीज आणला होता. तुम्ही तो हातात घेतलात, आभार मानलेत, आणि परत केलात. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची चौकट होती. दीक्षा घेतल्यावर दोरे, नवस, उतारे हे सगळं तुम्ही घराबाहेर काढलं होतं, आणि बाहेर काढलेलं पोर आजारी पडलं म्हणून आत घेणारे तुम्ही नव्हता. औषध चालू होतं, डॉक्टर चांगला होता, आणि ती गेली. आईनं हे मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता: "बांधला असता तर काय झालं असतं?" तुम्हाला तिनं हा प्रश्न कधी विचारला की नाही, मला ठाऊक नाही. घरात त्या दोघींची नावं कोणी घेत नसे. मलाही ती माहीत नाहीत.

पण रकाना रिकामा ठेवला की लोक तो आपल्या मनानं भरतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही. मिशनच्या शाळेतल्या कारकुनानं माझं नाव ऐकून धर्मासमोर 'ख्रिश्चन' लिहून टाकलं, आणि पहिलीचं अख्खं वर्ष मी नीतिशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलींबरोबर चॅपलमध्ये जात होते. तुम्ही सुट्टी काढून आलात, कारकुनासमोर उभे राहून ते खोडायला लावलंत आणि शेजारी 'बौद्ध' लिहवून घेतलंत. कारकून म्हणाला, "तो नाम ऐसा क्यों रखा, भाईसाहब?" दुसऱ्या बाजूनं आपली माणसं. जयंतीला लखनऊतली पंधरा-वीस मराठी बौद्ध कुटुंबं जमायची. जेवणं झाली की एक वयस्कर गृहस्थ सगळ्या पोरांना नाव विचारायचे. माझं ऐकून ते तुमच्याकडे वळले: "एक पट्टा गळ्यातला काढला आन् दुसरा बांधला का, भाऊ?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. घरी येताना सायकलवर मात्र पुढच्या दांडीवर बसलेल्या मला तुमचा जोराचा श्वास डोक्यावर लागत होता. म्हणजे मी ईसाईंत ईसाई नाही, बौद्धांत बौद्ध वाटत नाही, आणि आपण राहायचो त्या महानगर मोहल्ल्याच्या गल्लीत तर नुसतीच 'वो विलायती नाम वाली'. सात-आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं झेपत नाही. मला माझ्या नावाचा राग यायला लागला, आणि तो पुढं कित्येक वर्षं मुरत गेला.

तुमचं स्वतःचं नाव तर मी इथंही लिहीत नाही. शाळेच्या हजेरीत 'फ़ादर्स नेम' वाचलं गेलं की पोरी खुसखुसायच्या, कारण केरकचऱ्यावरून ठेवलेलं नाव हिंदीतही तेवढंच समजतं. सहावीत असताना एक दिवस मी तुम्हाला विचारलं, असलं नाव कोणी ठेवतं का? तुम्ही बूट पुसत होता. म्हणालात, गावाकडे रीत होती. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दगडाचं, शेणाचं, कचऱ्याचं नाव द्यायचं, म्हणजे मरणाला वाटावं, इथं नेण्यासारखं काही नाही. तुमच्याआधी चौघं गेले होते. मला ते इतकं अडाणी वाटलं की मी मोठ्यानं हसले, आणि हिंदीत काही तरी बोलले, दादी भी ना, असं काही. तुम्ही घरात प्रमाण मराठी बोलायचात, अगदी ठरवून. गावची बोली रागात किंवा दुखण्यातच यायची. तेव्हा आली. "हासू नोको," तुम्ही म्हणालात. "तिले पोरगं पायजे होतं. नाव नाही." बुटाचा ब्रश तुमच्या हातात तसाच राहिला होता. तुम्ही मला हात लावला नाहीत, आवाजही चढवला नाहीत, पण असं रागावलेलं तुम्हाला मी पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्यांची नावं बदलण्याचे कितीतरी अर्ज तुम्ही टाइप करून दिलेत. आपलं नाव मात्र शेवटपर्यंत तेच ठेवलंत.

आठवीत पहिली आले म्हणून तुम्ही मला अमीनाबादच्या बाजारातून पेन आणलंत. टोपण सोनेरी, अंग काळं, आणि अंगावर इंग्रजीत माझं नाव कोरून घेतलेलं. कोरणाऱ्यानं एकही अक्षर चुकवलं नव्हतं, कारण तुम्ही नक्कीच त्याच्या डोक्याशी उभे असणार. मी ते पेन दोन महिने दप्तरातून बाहेर काढलं नाही, आणि मग एका दुपारी तुमच्या दाढीच्या ब्लेडनं ते नाव खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हनुवटीवर रक्त आलं. "ब्लेड कोणी वापरलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, पेन्सिलीला टोक केलं. पेन तुम्ही पाहिलंत की नाही, मला अजून कळलेलं नाही. पाहिलं असेल, असंच वाटतं. तुमच्या नजरेतून खोडलेलं काही सुटत नसे.

नववीत शाळेच्या लायब्ररीत एक जाडं इंग्रजी पुस्तक हाती लागलं, नावांच्या अर्थांचं. माझं नाव त्यात होतं. एका रोमन कुळाच्या नावावरून आलेलं, आणि ते कूळ 'आंधळा' या शब्दावरून. पुढं आणखी बरंच लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. रविवार होता दुसऱ्या दिवशी, आणि रविवारचा स्वयंपाक तुमचा. नागपूरहून कोणी आलं की ज्वारीचं पीठ आणायचं, ते तुम्ही पुरवून पुरवून वापरायचात, कारण इथं ज्वारी म्हणजे कबुतरांना घालायची. तव्यावर भाकर होती, दुसरी तुम्ही परातीत थापत होता. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, आपको पता है, आपने मेरा नाम अंधी रखा है?"

तुमचे हात थांबले. "कोन सांगतलं?"

"किताब में लिखा है. छपा हुआ है."

छापलेल्या अक्षरावर तुमचा केवढा विश्वास! तुम्ही वाद घातला नाहीत, पुस्तक दाखव म्हणाला नाहीत. तव्यावरच्या भाकरीचा धूर व्हायला लागला, आई मागून आली आणि तिनं ती उतरवली. तुम्ही परातीकडे बघत म्हणालात, "मी अर्थ पायलाच नाही." एवढंच. जो माणूस अनोळखी शिपायाच्या गावाचं नाव दोनदा तपासल्याशिवाय कागद पुढं सरकवत नाही, त्यानं स्वतःच्या मुलीच्या नावाचा अर्थ पाहिला नाही! मला खरंच रडू आलं, बाबा. तोवर मी चिडले होते. त्या क्षणी मला वाटलं की तुम्हाला माझी पर्वाच नव्हती. ते वाटणं मी पुढं बरीच वर्षं सांभाळून ठेवलं.

हायस्कूलच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी मी जाहीर केलं की नाव बदलायचं. मी निवडलेलं नाव वर्गात आणखी चौघींचं होतं, आणि म्हणूनच ते मला आवडलं होतं. आई म्हणाली, कचहरीत, कोर्टाबाहेर झाडाखाली बसतात त्या टायपिस्टकडून करून आणा. तुम्ही म्हणालात, "ते चुका करतात. मी करतो." एका शनिवारी तुम्ही मला सायकलवर मागं बसवून गोमतीचा पूल ओलांडून छावणीत घेऊन गेलात. तुमची कचेरी मी पहिल्यांदाच पाहत होते. लांबट खोली, उंच छत, तुमचं टेबल खिडकीशी, आणि शेजारी पांढऱ्या मिशांचे हेडक्लार्क, बडे बाबू. "अरे, बिटिया आई है! बैठो बेटा, बैठो," ते म्हणाले, आणि कागद पाहून तुम्हाला, "इतना प्यारा नाम, भाईसाहब, बदलवा क्यों रहे हैं?" तुम्ही यंत्रात कागद घालत म्हणालात, "बच्चों की अपनी मर्ज़ी होती है, साहब."

तुम्ही एकदाही न अडखळता टाइप केलंत. माझी मुलगी, जी आजवर सिसिलिया या नावानं ओळखली जात होती, ती यापुढं अमुक या नावानं ओळखली जाईल. मग तपासणी. तुमच्या कचेरीत ती पद्धत होती: एकानं मसुदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाइप केलेल्या ओळीखाली पट्टी धरून शब्दाशब्दावर लाल पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचं. बडे बाबू पट्टी घ्यायला पुढं झाले, पण तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. तुम्ही वाचत गेलात, मी टिंबं देत गेले. माझं जुनं नाव आलं तेव्हा तुम्ही ते नेहमीच्याच आवाजात वाचलंत, एक एक अक्षर सुटं करून, आणि माझ्याकडे पाहून थांबलात. मी टिंब दिलं. "बरोबर?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "हाँ, सही है."

बाहेर आल्यावर तुम्ही सायकलला कुलूप तसंच ठेवलंत आणि म्हणालात, "चल, जवळच हाय. तो दगड दाखवतो तुले." मी म्हटलं, "देर हो रही है, बाबा." उशीर कसला? शनिवार होता, अकरा वाजले होते. तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि कुलूप काढलंत. त्यानंतर तुम्ही मला जुन्या नावानं कधी हाक मारली नाहीत, आणि नव्या नावानंही नाही. तुम्ही मला 'बाई' म्हणायला लागलात. मी जिंकले होते, आणि त्या जिंकण्याचं काय करायचं मला समजत नव्हतं.

पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि ज्या नावाशी माझा संबंध उरला नव्हता, ते मला पुस्तकांतून भेटायला लागलं. शाळेतल्या मंगळूरच्या सिस्टरनी मागं सांगितलंच होतं की या नावाची एक संत होऊन गेली, गाणाऱ्यांची, आणि त्यांच्या गावात घराआड एक तरी सिसिलिया असते. आता कळलं की इंग्रजांनी ते नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हौसेनं ठेवलं, मग ते म्हाताऱ्यांचं म्हणून टाकलं. पण खरी गंमत रोमची. तिथं मुलींना स्वतःचं असं नावच नसे. बापाच्या कुळाचं नाव स्त्रीलिंगी करायचं आणि तेच तिला लावायचं. तिघी बहिणी असल्या तर तिघींना तेच, पहिली, दुसरी, तिसरी. म्हणजे ज्या नावाला 'आगे' काही नाही म्हणून तुम्ही ते निवडलंत, ते मुळात आडनावच होतं, बाबा. त्या काळी नुसतं ऐकून लोकांनी पुढचे सगळे रकाने भरले असते. आणि ते कूळ सरदार-पुरोहितांचं नव्हे, सामान्य रयतेतलं. ज्यांना आधी मोठ्या पदांची दारं बंद होती आणि पुढं ज्यांनी ती उघडायला लावली, त्यांच्यातलं. हे वाचलं त्या दिवशी मी ठरवलं, संध्याकाळी घरी जाऊन तुम्हाला सांगायचं. मग आठवलं की तुम्हाला जाऊन चार महिने झाले होते.

ते वर्ष मला फारसं आठवत नाही. डिसेंबरातलं धुकं, तुम्ही सायकल दाराशी लावलीत, पायरीवर बसलात आणि उठलाच नाहीत. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सासर याच गावात होतं, तरी मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आपल्या दोघांत काही बोलायचं राहिलंय, हे तोवर मला जाणवतसुद्धा नव्हतं.

उन्हाळ्यात आईनं तुमची पत्र्याची पेटी उघडली आणि एक वही मला दिली. "तुया नावाची हाय काहीतरी," ती म्हणाली, "मले इंग्रजी येत नाही." कचेरीतली, कापडी पाठीची वही. आत तुमच्या हातानं पट्टीनं आखलेले तीन रकाने: क्रमांक, नाव, वय. पहिल्या पानावर मला वाटलं ही शिपायांची कसली तरी नामावली असेल. मग नावं वाचली. एमिली, एकोणीस. ऑगस्टा, बावीस. क्लारा, चौदा महिने. ज्युलिया, चोवीस, आणि खाली बारीक अक्षरात, बाळासह. तुम्ही त्या कबरस्तानातल्या एकूणएक बायका-मुली उतरवून घेतल्या होत्या. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात जी तारीख होती, ती दुसरी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातली, असं आई म्हणाली. पानंच्या पानं. विशी ओलांडलेल्या थोड्या, तिशी ओलांडलेल्या त्याहून थोड्या. किती दुपारी तुम्ही डबा बाजूला ठेवून दगडांवरचं शेवाळ खरवडत फिरला असाल! शेवटून दुसऱ्या पानावर एकच ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. सिसिलिया, एक्याऐंशी. त्याच्यापुढं तुम्ही काही लिहिलं नव्हतं. कारण कुठंच नोंदवलं नव्हतं. अर्थाचा रकानाच नव्हता.

मी वही मिटली. आई विचारत होती, काय आहे, काय आहे. मी म्हटलं, ऑफिस का काम है. तिला सांगायला हवं होतं. तावीज परत करणारा माणूस आठ दिवसांनी कुठं गेला होता, हे कळायचा हक्क त्या बाईला माझ्याआधी होता. पण मला लाज वाटली, तुमची नाही, माझी. 'मी अर्थ पायलाच नाही' हे तुम्ही अगदी खरं सांगितलं होतंत, आणि मी ते बारा वर्षं उलटं धरून ठेवलं होतं. आई गेली तेव्हाही मी हे तिला सांगितलेलं नव्हतं. तो दगड बघायला मी अजून गेलेले नाही. तो आता असेलच असं नाही, आणि असला तरी त्याच्यावरचं वय पुन्हा तपासायची माझी इच्छा नाही. तुम्ही एकदा तपासलंत म्हणजे ते बरोबरच असणार.

लेकीला मी उद्या फोन करीन. सांगीन, तुला हवं ते नाव ठेव. नाव का बदललं, याचं काही तरी उत्तर देईन, शाळेत चिडवायचे म्हणून, आणि ते खोटंही नाही. हे पत्र मात्र तिला दाखवणार नाही. ते घडी करून त्याच वहीत, शेवटून दुसऱ्या पानाशी ठेवणार आहे. तिथं आधीपासून एक वस्तू आहे, आणि तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलंच.

तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी ही मुलगी झाली, आठव्या महिन्यात. एवढीशी, कातडीतून शिरा दिसणारी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दुपारी मला व्हीलचेअरवरून तिथं नेलं. नर्स चिकटपट्टीचा तुकडा कापून बॉलपेन घेऊन उभी होती. खोलीतल्या बाकीच्या पाच बाळांच्या मनगटांवर आईचंच नाव लिहिलेलं होतं, अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. मलाही तेच सांगता आलं असतं. "बेबी का नाम कुछ सोचा है?" तिनं सहज विचारलं. मी म्हटलं, सिसिलिया. तिनं लिहिलं. 'आगे' तिनं विचारलं नाही. एकोणीस दिवस ती पट्टी तिच्या मनगटावर होती, घरच्यांना वाटलं हॉस्पिटलचं काही इंग्रजी असेल. घरी नेताना नर्सनं कात्रीनं ती कापली, आणि मी ती मुठीत घेतली. बारशाला आम्ही दुसरं चांगलं नाव ठेवलं. तिच्या बापालाही हे ठाऊक नाही. मी असलं काही मानत नाही, बाबा. तुम्हीही मानत नव्हता.